आधी टेबल मोजा, मग मॉनिटर घ्या



आमच्या घरी कपाटावर २७ इंची मॉनिटर दोन वर्षांपासून जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे. तो बिघडलेला नाही. बटण दाबले की आजही चालू होतो. पण त्याच्यासमोर बसून कोणी काम करीत नाही. चिरंजीवांच्या लॅपटॉपला जोडण्यासाठी आम्ही तो मोठ्या हौसेने आणला होता. दुकानदाराने विचारले, "केवढा दाखवू?" आम्ही म्हणालो, "मोठा दाखवा." एवढीच काय ती आमची चौकशी. घरी आल्यावर कळले की टेबल अरुंद असल्यामुळे पडदा थेट नाकाशी येतो आणि अक्षरे खडबडीत दिसतात. आठ दिवसांत पोरगा पुन्हा लॅपटॉपवर मान वाकवून बसला आणि आमचे तेरा हजार रुपये कपाटावर चढले. यात दुकानदाराचा दोष नव्हता. आम्ही जे मागितले तेच त्याने दिले.

ही फजिती चारचौघांत सांगण्याचे कारण असे, की गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. "मामा, मला लॅपटॉपला मॉनिटर घ्यायचाय. तुम्ही बरोबर या. पण तुमच्यासारखा नको."

भाची बी.कॉम. झालेली आहे. एका कंपनीचे हिशेब ती घरून लिहिते. नोकरी नवी, पहिले तीन महिने चाचणीचे. तिच्याकडे लॅपटॉपवर बिलांचे फोटो येतात. बिल उघडायचे, आकडा डोक्यात ठेवायचा, बिल मिटवायचे, हिशेबाचे पान उघडायचे आणि आकडा टाकायचा. दिवसाला शंभर-दीडशे बिले. एके दिवशी ६,९५० चे ९,६५० झाले. पंधरा दिवसांनी आणखी एक चूक झाली. साहेबांनी समज दिली. पोरीची झोप उडाली. त्यात मान आणि डोके दोन्ही दुखायला लागले.

आक्काने, म्हणजे आमच्या थोरल्या बहिणीने, भिशीचे बारा हजार पुढे केले. आक्का पायमशीनवर शिवणकाम करते. गुडघे दुखतात म्हणून मशीनला मोटर बसवायची आणि उरतील ते गाठीला ठेवायचे, असा तिचा बेत होता. ते पैसे ती पोरीला देत होती. म्हणून या वेळी "मोठा दाखवा" असे म्हणण्याची आमची हिंमत नव्हती.

आधी बिनपैशाचा उपाय

आम्ही तिला म्हटले, "आठ दिवस थांब. पैसे खर्चण्याआधी एक करून पाहू." लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकाच अंगाला जोडलेले असतात. हात आरामात ठेवले तर पडदा खाली जातो आणि मान वाकते. पडदा वर उचलला तर हात अधांतरी राहतात. म्हणून कॉलेजची चार जाडजूड पुस्तके एकावर एक ठेवून त्यांवर लॅपटॉप ठेवला. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आली. शेजारच्या मुलाचा सुटा कळफलक आणि माऊस उसने आणून खाली जोडले.

आठवड्यात मानेला उतार पडला. ज्यांचे दुखणे एवढेच आहे, त्यांचे काम आठ-नऊशे रुपयांच्या कळफलक-माऊसमध्ये भागते. त्यांनी मॉनिटरच्या दुकानाची पायरी चढू नये.

पण भाचीची चूक मानेतून होत नव्हती. बिल आणि हिशेबाचे पान ही दोन्ही १४ इंची पडद्यावर शेजारी-शेजारी वाचण्याजोगी मावत नव्हती. मोठा पडदा मिळाला तर डाव्या हाताला बिल, उजव्या हाताला हिशेब. आकडा डोक्यात धरून ठेवायला नको. मॉनिटर कशासाठी हवा हे त्या दिवशी आम्हांला नक्की कळले.

कागद भिंतीला चिकटवला

भाचीचे टेबल म्हणजे आक्काच्या मशीनचेच टेबल. मशीनचे डोके खाली वळवले, वर फळी टाकली की टेबल तयार. ३४ इंच लांब आणि १६ इंच रुंद. दिवसा काही तास आईचे, काही तास लेकीचे.

दुकानात २४ इंच म्हणतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे माप असते. आजच्या रुंद पडद्यांत २४ इंची म्हणजे साधारण २१ इंच लांब आणि १२ इंच उंच. २७ इंची म्हणजे साडेतेवीस बाय सव्वातेरा. ३२ इंची म्हणजे जवळजवळ २८ बाय पावणेसोळा. हे आकडे आम्ही सांगताच आक्काने कटिंगचा कागद काढला, २१ बाय १२ आणि साडेतेवीस बाय सव्वातेरा असे दोन तुकडे कापले आणि आळीपाळीने टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवले. आम्हांला हे दोन वर्षांपूर्वी सुचले असते तर!

मग भाचीला खुर्चीवर बसवून आक्काने टेपने डोळ्यांपासून भिंतीपर्यंत माप घेतले. २६ इंच भरले. पडदा डोळ्यांपासून साधारण हातभर लांब असावा. २० इंचांच्या आत तर नसावाच. मॉनिटर पायावर उभा केला तर त्याचा पडदा भिंतीपासून सहा-सात इंच पुढे येतो. म्हणजे डोळ्यांना १९-२० इंच उरतात. तोच भिंतीला लावला तर दोन-तीन इंचच जातात आणि २३ इंच मिळतात. एवढ्या अंतरावर २४ इंचीचा कागद एका नजरेत बसत होता. २७ इंचीच्या कागदाच्या दोन्ही कडा पाहायला पोरीला मान फिरवावी लागत होती. आमच्या घरी नेमके हेच घडले होते.

भिंतीला लावल्याने दुसराही फायदा होता. टेबल मोकळे राहून आक्काला मशीन उघडता येणार होते. मात्र त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर स्क्रूची चार भोके लागतात, ७५ बाय ७५ किंवा १०० बाय १०० मिलिमीटर अंतराची. या मापाला व्हेसा माप म्हणतात. स्वस्तातल्या काही मॉनिटरना ही भोके नसतात. खोक्यावरचे चित्र पाहून भागत नाही, मॉनिटर उलटा करून पाहावा. २४ इंची मॉनिटर पाय काढल्यावर साधारण तीन किलोंचा असतो. विटांची भिंत तो सहज पेलते, पण प्लायवूडच्या पार्टिशनला लावू नये. आक्काकडे भिंत विटांची आहे. पोरीच्या डोळ्यांची रेषा धरून तिने तिथे खडूने खूण केली. मॉनिटरची वरची कड त्या खुणेशी किंवा जराशी खाली यायला हवी.

उजेडाचे तर आम्हांला काही सांगावेच लागले नाही. खिडकी पाठीशी असेल तर पडद्यात तिचे प्रतिबिंब पडते, समोर असेल तर डोळे दिपतात. म्हणून खिडकी बाजूला असावी. आक्काने सुईत दोरा ओवता यावा म्हणून मशीन वीस वर्षांपूर्वीच तसे मांडले आहे.

लॅपटॉपची खाच पाहा

आता लॅपटॉपची कड तपासायची. एचडीएमआयची खाच बहुतेक लॅपटॉपना असते. ती चपटी असून खालचे दोन कोपरे आत कापल्यासारखे दिसतात. जुन्या लॅपटॉपला निळी, पंधरा भोकांची व्हीजीए खाच असते. नव्यांना लहान, दोन्ही बाजूंनी गोलसर यूएसबी-सी खाच असते.

यूएसबी-सीच्या बाबतीत पुष्कळजण फसतात. आकार तोच असला तरी प्रत्येक यूएसबी-सी खाचेतून चित्र बाहेर येत नाही. काही नुसत्या चार्जिंगच्या आणि फाईली पाठवण्याच्या असतात. खाचेशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा विजेच्या बाणाची खूण असेल तर चित्र येण्याची आशा धरावी. नाहीतर लॅपटॉपच्या मॉडेलची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत पाहावी. ज्यांची खाच चित्र देते, त्यांना एकाच तारेतून चित्रही नेणारा आणि लॅपटॉपही चार्ज करणारा मॉनिटर मिळतो. तो सोयीचा खरा, पण महाग.

भाचीच्या लॅपटॉपला एचडीएमआय होती. ती चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी सेट-टॉप बॉक्सची केबल काढून लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडला. कळफलकावरची विंडोजची कळ दाबून धरून 'पी' दाबले. चार पर्याय आले. त्यांतला 'एक्सटेंड' निवडला की दोन्ही पडद्यांवर वेगवेगळी कामे उघडता येतात. चित्र आले, म्हणजे खाच ठीक.

तेवढ्यात भाचा म्हणाला, "मग टीव्हीच वापरा की!" प्रश्न रास्त होता. पण घरोघरचे अनेक ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असतात. त्यांवर आडवे १३६६ आणि उभे ७६८ एवढेच ठिपके. दहा फुटांवरून सिनेमा पाहायला ते पुरतात. दोन फुटांवरून आकडे वाचायला पुरत नाहीत. शिवाय पोरगी कामाला बसली की सगळ्या घराचा टीव्ही बंद.

त्याच उंड्याची भाकरी

हे ठिपक्यांचे प्रकरण समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावरचे अक्षर लहान-लहान ठिपक्यांचे बनते. 'फुल एचडी' पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, सगळे मिळून २० लाखांच्या वर. पडदा २४ इंची असो वा २७ इंची, फुल एचडी म्हटले की ठिपके तेवढेच. उंडा तोच ठेवून भाकरी मोठी थापली तर ती पातळ होणारच. २४ इंचीत दर इंचाला सुमारे ९२ ठिपके येतात, २७ इंचीत ८२. आमच्या कपाटावरच्या मॉनिटरचे दुखणे हेच. २७ इंची घ्यायचाच असेल तर २५६० बाय १४४० ठिपक्यांचा घ्यावा. त्यात दर इंचाला सुमारे १०९ पडतात, आणि पैसेही जास्त पडतात.

इंग्रजी अक्षर थोडे खडबडीत असले तरी वाचता येते. आपल्या अक्षराला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतो. ठिपके विरळ असले की ही सारी मंडळी एकमेकांत मिसळतात. म्हणून मॉनिटर घेताना मराठी मजकूर लावून पाहावा, हा आमचा आग्रह.

दुकानात

रविवार सोडून एके दिवशी आम्ही तिघे ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो. या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाच्या सामानासाठी सगळी मुंबई त्याला जुन्याच नावाने ओळखते. लॅपटॉप, चार्जर आणि आक्काचा टेप पिशवीत होता.

दुकानातल्या मुलाने प्रथम वक्र पडद्याचा मॉनिटर दाखवला. "ताई, १६५ हर्ट्झ आहे, एक मिलिसेकंद आहे." भाचीने विचारले, "हिशेबाला त्याचा काय उपयोग?" तो हसला. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात चित्र किती वेळा नवे होते तो आकडा. मिलिसेकंद म्हणजे ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. भरधाव गाड्यांचे खेळ खेळणाऱ्यांना दोन्हींचा उपयोग होतो. आकडे जागेवरून पळत नाहीत. त्यांना ६० हर्ट्झ पुरेत. ७५ किंवा १०० त्याच किमतीत मिळत असेल तर घ्यावे, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

पाहायचे ते पडद्याच्या जातीकडे. टीएन जातीच्या पडद्याचे रंग जरा बाजूने किंवा खालून पाहिले की फिके पडतात. आयपीएस जातीत ते तसेच राहतात. व्हीए जातीत काळा रंग गडद येतो, पण बाजूने पाहताना थोडा फरक पडतो. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला आम्ही आयपीएस सुचवू. पडदा आरशासारखा चकचकीत नसावा, मंद असावा. 'फ्लिकर-फ्री' लिहिले आहे का तेही पाहावे. काही पडदे उजेड कमी केला की डोळ्यांना न कळेल असे लुकलुकतात आणि काहींचे डोके त्याने दुखते.

भाचीने स्वतःचा लॅपटॉप दोन मॉनिटरना आळीपाळीने जोडायला लावला. घरून ती मराठीत चार ओळी टाइप करून घेऊन आली होती. 'विद्यार्थ्यांच्या', 'कर्तृत्वाने', 'शुद्धिपत्रक' असे सगळे अवघड शब्द एकत्र, शेजारी आकड्यांचा तक्ता. आक्का पुढे झाली. टेपने २३ इंच मोजून उभी राहिली. दुकानातली दोन पोरे एकमेकांकडे पाहून हसली. आक्काने एकेक ओळ सावकाश वाचली आणि म्हणाली, "भाऊ, ह्यातला रफार सुटा दिसतोय. त्या मोठ्यात रफार अन् अनुस्वार एकमेकांत गेलेत. अन् त्याचा तीन आठसारखा दिसतोय."

पोरे हसायची थांबली. आयुष्यभर टाके मोजलेल्या डोळ्यांनी दिलेला निकाल होता तो. मोठा म्हणजे २७ इंची फुल एचडी, आमच्या कपाटावरल्याचा सख्खा भाऊ. किंमत साडेअकरा हजार. सुटा रफार दाखवणारा २४ इंची आयपीएस फुल एचडी ८,४०० रुपयांना होता. तोच घेतला.

पैसे देण्याआधी पडद्यावर पाळीपाळीने पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग लावून पाहिला. मेलेला ठिपका असेल तर त्यात उठून दिसतो. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी पुष्कळ कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून हे दुकानातच पाहायचे. पाठीवर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहिला. बिल पक्के घेतले. त्यावर मॉनिटरचा अनुक्रमांक लिहून घेतला. बिनबिलाचे चार पैसे वाचतात, पण पुढे वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. कोणी वॉरंटी नाकारून फिरवाफिरवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

ज्यांचे बजेट याहून लहान आहे त्यांनी कचेऱ्यांतून निघालेले जुने मॉनिटर जरूर पाहावेत. त्यांतले काही उंची कमी-जास्त होणाऱ्या भक्कम पायाचे असतात. पण खाच आधी पाहावी. काहींना फक्त व्हीजीए आणि डिस्प्लेपोर्ट असते. लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून तिथे जायला साधी तार चालत नाही, मध्ये चित्र बदलून देणारा कन्व्हर्टर लागतो. तो धरून किंमत काढावी. पांढऱ्या रंगावर कडा पिवळ्या दिसत असतील तर परत फिरावे.

हिशेब

मॉनिटर ८,४००, भिंतीचा ब्रॅकेट ५५०, कळफलक-माऊस ८५०. एकूण ९,८००. बारा हजारांतले २,२०० उरले. लॅपटॉप शेजारच्या फळीवर ठेवला. खोक्यातली केबल तिथवर पुरते हे आधीच मोजले होते. विजेची आक्काला काळजी होती. मॉनिटरमागच्या पट्टीवर साधारण २० वॉट आहेत. रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस धरले तर चार युनिटांच्या जरा वर. पडद्यावर कापसाचे तंतू बसतात. ते बंद पडद्यावरून कोरड्या मऊ सुती चिंधीने पुसायचे, काचेचा फवारा मारायचा नाही. चिंध्यांना त्या घरात तोटा नाही.

एक पथ्य मात्र मॉनिटर कितीही चांगला असला तरी पाळावे लागते. दर २० मिनिटांनी २० सेकंद तरी २० फुटांवर पाहायचे. दहा बाय बाराच्या खोलीत वीस फूट कुठून आणणार? भाची खिडकीतून समोरच्या चाळीच्या गॅलरीकडे पाहते. कोणाचे कपडे वाळले आणि कोणाचे पावसात भिजले, हे तिला आता सगळ्यांच्या आधी कळते.

परवा आम्ही गेलो तेव्हा ती कामाला बसली होती. डावीकडे बिल, उजवीकडे हिशेब. चाचणीचा शेवटचा महिना चालू आहे. निकाल लागायचा आहे. मॉनिटर आल्यापासून चूक निघालेली नाही, एवढे आज सांगता येते.

दुपारी दोन वाजता तिने मॉनिटर बंद केला आणि फळी उचलली. आक्काने मशीनचे डोके वर काढले आणि पायाने हलकेच दाबले. मशीन भर्रकन सुरू झाले. उरलेल्या २,२०० पैकी १,८०० रुपयांची मोटर बसली आहे. २७ इंची आणला असता तर कळफलकापुरतेसुद्धा पैसे उरले नसते.

आमच्या कपाटावरचा मॉनिटर आम्ही आता खाली काढणार आहोत. एका नातलगाचे टेबल अडीच फूट रुंद आहे आणि मुलांना त्यावर धडे पाहायचे आहेत. या वेळी मात्र मॉनिटर उचलण्याआधी आम्ही आक्काचा टेप मागून घेतला आहे.